हळद पॉलिशच्या धुळीसाठी मदत हवी आहे (सांगली-मिरज-तासगाव)

नमस्कार मंडळी. सांगली भागात हळद पॉलिशच्या ड्रमवर काम करणाऱ्यांसाठी धूळ ओढणारी सोय बसवायची आहे. कोणी बसवली असल्यास कृपया सांगा.

अडचण अशी: ड्रम फिरताना साल आणि माती जाळीतून बाहेर उडते. पाणी मारून धूळ बसवता येत नाही, हळद ओली राहिली की बुरशी धरते. स्टँडचा पंखा लावला तर धूळ शेजारच्याच्या तोंडावर जाते. म्हणून ड्रमला पत्र्याचा बंदिस्त कोश करून त्यालाच नळी जोडायचा विचार आहे. उघड्या नळीची ओढ फार लवकर मरते. तोंडापासून व्यासाइतक्या अंतरावर ती साधारण १० टक्केच उरते, त्यामुळे भिंतीतला एक्झॉस्ट इथे कामाचा नाही. मोटर किती एचपीची, आणि सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी पाडणारं पत्र्याचं भांडं) बनवणारा फॅब्रिकेटर जवळपास कोण?

तोवर एन-९५ मास्क. रुमाल बारीक धूळ अडवत नाही, आणि दाढी असेल तर एन-९५ सुद्धा कडेने गळतो.

दुसरं, या कामगारांचा श्वास तपासायला पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग दाखवणारं छोटं यंत्र) कुठे स्वस्त मिळतील? दर वेळी तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा; दिवसातून किमान चार वेळा, चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत सुधारतो, असं दिसलं तर दमा कामामुळे असण्याची शक्यता मोठी. अशी नोंदवही तपासून पुढे स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) करणारे छातीचे डॉक्टर मिरजेत कोण आहेत?