डोळ्यांची रेसिडेन्सी: अमेरिकेला अर्ज करू की इथेच? इंटरव्ह्यू दिलेल्यांनी सांगा, बजेट ६ लाख

सावईची_पोर
नमस्कार मंडळी. मी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) इंटर्न आहे. मार्चमध्ये इंटर्नशिप संपते. ऑप्थॅल्मॉलॉजीच, म्हणजे डोळ्यांचीच स्पेशालिटी, करायची हे पक्कं आहे, त्यामुळे "रेडिओलॉजी घे, स्किन घे" असं कृपया कोणी सांगू नका.

पक्कं का, तेही सांगते. मी बारावीत असताना आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार-पाच दिवसांनी ती सूप घेऊन ओसरीवर बसली आणि आईने आदल्या दिवशी निवडून ठेवलेले उकडे तांदूळ परत निवडायला लागली. बारा खडे काढले आणि मोजून आईच्या तळहातावर ठेवले. काही बोलली नाही. तो दिवस मी विसरलेले नाही.

आतेभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे अर्ज कर. यूएसएमएलईची, म्हणजे तिकडच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची, स्टेप १ पास आहे, स्टेप २ बाकी आहे. नीट पीजीचा (इथल्या एमएसच्या प्रवेशपरीक्षेचा) अभ्यासही चालू आहे. आमचं घर कुळागरावर, सुपारी-नारळाच्या बागेवर, चालतं. सगळं धरून सहा लाख रुपये आहेत, कर्ज काढायचं नाही, आणि दोन-तीन वर्षांत मला स्वतःच्या हाताने ऑपरेशन करता यायला हवं. एवढ्यात काय बसेल? आणि तिकडच्या इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारतात?

पेडणेकर_न्यूजर्सी
आधी ते सहा लाख डोक्यातून काढ. तीस धर. स्टेपच्या एकेका परीक्षेलाच हजार डॉलरच्या वर जातात. वर तिकडच्या रुग्णालयांत राहून शिफारसपत्रं मिळवायची, विमानाचं तिकीट, भाडं. डोळ्यांची मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, बाकीच्यांसारखी मार्चमध्ये नसते. ती एसएफ मॅचमधून वेगळी होते, उन्हाळ्यात अर्ज, हिवाळ्यापर्यंत इंटरव्ह्यू आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला निकाल. सगळ्या देशात मिळून वर्षाला सुमारे ५०० जागा. बाहेरून शिकून आलेल्यांना त्यातल्या फारच थोड्या मिळतात, आणि ज्यांना मिळतात त्यांनी बहुतेक एक-दोन वर्षं मायामी, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया अशा ठिकाणी रिसर्चमध्ये घालवलेली असतात, पुष्कळदा बिनपगारी.

मी इंटर्नल मेडिसिन केलं. आज स्वतःचं घर आहे, आईवडिलांना दोनदा आणलं, पोरं इथल्या शाळेत जातात. धाडस केल्याशिवाय काही मिळत नाही. घरचं कुळागर कुठे पळून जात नाही.

सावईची_पोर
दादा, कुळागर विकायचं नाही. माहितीबद्दल आभार.

दोनापावलचे_आजोबा
बाय, तुझे आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेले असणार. पोर्तुगीज पासपोर्ट काढ. पोर्तुगालात स्पेशालिटीसाठी इंटरव्ह्यूच नसतो. प्रोव्हा नासिओनाल दे आसेसु नावाची एकच परीक्षा, १५० प्रश्न, आणि क्रमांकाप्रमाणे जागा निवडायची. माझ्या पुतणीने पासपोर्ट काढला, लिस्बनला सुखात आहे.

काणकोणकार
काका, पुतणी डॉक्टर आहे का?

दोनापावलचे_आजोबा
नाही, हॉटेलात मॅनेजर आहे. पण देश तोच ना?

काणकोणकार
पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. आमच्या घरात दोघांनी घेतलं. जमिनीचे कागद, मतदान, सगळ्याचा घोळ अजून निस्तरतोय. आणि पोर्तुगालात एमबीबीएसला मान्यता घ्यायची, पोर्तुगीज शिकायची, पेशंटशी त्याच भाषेत बोलायचं. आमच्या आजीला येत होती, आम्हाला "ओब्रिगादु"च्या पुढे येत नाही.

लेस्टरची_ताई
यूके बघ. आधी जीएमसी रजिस्ट्रेशन करून घे.

काणकोणकार
ती जीएमसीतच आहे हो, वरती लिहिलंय.

लेस्टरची_ताई
बांबोळी नाही म्हणत मी! जनरल मेडिकल कौन्सिल. तिकडे डोळ्यांचं प्रशिक्षण सात वर्षांचं असतं आणि चढाओढ प्रचंड. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झाले, समाधानी आहे. आणि पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत सरळ येऊन राहायचे दिवस ३१ डिसेंबर २०२० ला संपले, तेवढं काकांना कोणीतरी सांगा.

म्हापशाचा_मधला
इंटरव्ह्यूबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मी एसएफ मॅचमधून डोळ्यांसाठी अर्ज केला होता, तीन इंटरव्ह्यू आले, मॅच झालो नाही. आज गोव्यातच जनरल प्रॅक्टिस करतो. तरी जे शिकलो ते खरं आहे.

पहिला इंटरव्ह्यू मी घड्याळामुळे घालवला. ऑक्टोबरचा शेवट होता, सकाळी आठची वेळ, पूर्व किनाऱ्यावरचं रुग्णालय. कोणीतरी सांगितलं होतं, फरक साडेदहा तासांचा. तो हिवाळ्यातला फरक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात, तोवर साडेनऊच तास असतो. मी संध्याकाळी साडेसहाला कोट घालून, दिवा लावून, दादाला बाहेर कुत्र्याजवळ बसवून लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे नऊ वाजले होते. माझ्या नावापुढे गैरहजर लागलं होतं. ईमेल केला, फोन केला, उपयोग झाला नाही. आई शेवयांची खीर करून थांबली होती. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

दुसऱ्यात विचारलं, "तुझ्या हातून झालेली चूक सांग." मी पाठ करून गेलो होतो की मी फार कष्टाळू आहे, स्वतःकडे लक्ष देत नाही, वगैरे. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्यात खरं सांगितलं. ओपीडीत एकीची नजर एका डोळ्यात अचानक कमी झाली होती, आणि मी घाईत दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले. मग आठवलं की टॉर्च फिरवून आरएपीडी, म्हणजे एका बाहुलीचा उजेडाला कमी प्रतिसाद, बघायचा राहिला. थेंबांनी बाहुली अडकली की तो बघता येत नाही, म्हणजे ऑप्टिक नर्व्हचा सर्वात सोपा पुरावा मीच पुसला. सरांना जाऊन सांगितलं, बाईंना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, त्यांची माफी मागितली. त्यानंतर थेंबांच्या बाटलीला मी चिठ्ठी चिकटवली, "आधी टॉर्च". हे सांगितल्यावर तिघेही पुढे सरकून बोलायला लागले. त्यातल्या एकाने स्वतःची चूक सांगितली. माझी सगळ्यात चांगली वीस मिनिटं तीच.

म्हणून स्वतःचे तीन-चार खरे पेशंट निवड आणि त्यांच्याबद्दल आतपासून बोलता येऊ दे. आजीचे बारा खडे तर सांगच.

स्टेप १ ला २६ जानेवारी २०२२ पासून गुण नाहीत, नुसतं पास-नापास. त्यामुळे स्टेप २ चे गुण फार बघतात. आणि व्हिसा विसरू नकोस. जे-१ वर गेलीस तर नंतर दोन वर्षं भारतात परतायची अट आहे, ती माफ करून घेणं हे वेगळं युद्ध. दुसरा व्हिसा एच-वन-बी, त्याच्या नव्या अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क आलं. तुझ्या सहा लाखांत हे बसत नाही, मला वाईट वाटतं हे लिहिताना.

पेडणेकर_न्यूजर्सी
मी तेच म्हटलं होतं, पैसे जास्त लागतात. पण रिसर्चने काम होतं.

शिरोड्याचा_रेसिडेंट
एमएस ऑप्थॅल्मॉलॉजी, दुसरं वर्ष, गोव्याबाहेर. इथे भारतात इंटरव्ह्यू नाही, नीट पीजीचा रँक हाच इंटरव्ह्यू. एम्स, जिपमर, चंडीगढ अशा केंद्रीय संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी, वर्षातून दोनदा, तीही दे. फी कमी.

जागा घेताना एकच गोष्ट विचार: कटिंग, म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन, किती मिळतं. विभागप्रमुखांना विचारू नकोस, तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन कर. "किती मोतीबिंदू बघितलेस" असं विचारायचं नाही. "पहिल्या कापापासून शेवटपर्यंत स्वतः किती केलेस, एसआयसीएस (लहान कापातून, हाताने) किती, फेको (मशीनने) किती" असं विचार. अमेरिकेत रेसिडेंटला किमान ८६ मोतीबिंदू मुख्य सर्जन म्हणून करावेच लागतात, तसा नियम आहे. माझ्या आधीच्या बॅचमधल्या एकाने, दुसऱ्या कॉलेजात, तीन वर्षांत पंधरासुद्धा केले नव्हते. पदवी मिळाली, पण हात नाही. आता पदवीनंतर पुन्हा फेलोशिपचे इंटरव्ह्यू देत फिरतोय, मदुराई, हैदराबाद, चेन्नई.

दुसरं, आत्ताच जाऊन स्वतःची स्टिरिओप्सिस तपासून घे. दोन्ही डोळ्यांची मिळून खोलीची जाण. आमच्या एका मैत्रिणीला मायक्रोस्कोपखाली बसल्यावर कळलं की तिचा एक डोळा लहानपणापासून आळशी आहे. फार रडली.

तिसरं, बकऱ्याचे डोळे. मी इंटर्नशिपपासून करतो. थर्मोकोलमध्ये खड्डा करायचा, डोळा टाचण्यांनी बसवायचा, ऑपरेशन थिएटरात उरलेला टेन-झीरो नायलॉनचा धागा मागून आणायचा. केसाहून बारीक असतो, श्वास जोरात सोडला तर उडतो. पहिल्या दिवशी एक टाका घालायला मला पाऊण तास लागला, आणि गाठ मारताना तोच तुटला. आता सहा मिनिटं. डोळा ताजाच हवा, दुपारपर्यंत कॉर्निया धुकट होतो.

डिचोलीकर_७७
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, पण मीही सांगतो, अमेरिकेसारखं दुसरं काही नाही. इकडे पीजीच्या जागा बाहेरचे येऊन घेतात. गोव्याच्या पोरांनी जायचं कुठे?

शिरोड्याचा_रेसिडेंट
मीही बाहेरच जाऊन शिकतोय, दादा. आणि २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पीजीत रहिवासावर आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्याच कॉलेजातून एमबीबीएस केलेल्यांना मर्यादेत प्राधान्य चालतं. सावईच्या पोरीला तेवढा आधार आहे.

डिचोलीकर_७७
कोर्टाला गोवा किती लहान आहे ते कळत नाही. माझ्या मुलीचं वर्ष गेलं यात.

मडगावचे_डॉक्टरकाका
मी डोळ्यांचा डॉक्टर, १९९४ चा डीओ, म्हणजे डिप्लोमावाला. सरळ सांगतो, काहीही कर, डिप्लोमा करू नकोस. बत्तीस वर्षं होत आली, पाटीवरची दोन अक्षरं बघून लोक विचारतात, "एमएस नाही का?" एका मोठ्या रुग्णालयाने मला कन्सल्टंट म्हणून घेतलं नाही, माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलाला घेतलं, कारण तो एमएस. ही सल मरेपर्यंत राहील.

वाईट याचं वाटतं की काम आम्ही कमी केलं नाही. आमच्या वेळी फेको नव्हता, मोठा काप आणि टाके. दोन वर्षांत माझ्या हातून तीनशेच्या वर झाले. शनिवार-रविवार शिबिरं. शाळेचे बाक जोडून बायका पट्टी बांधून ओळीने झोपायच्या. सोमवारी पट्ट्या सोडताना माझेच हात थरथरायचे. एमएसवाले माझ्या वयाचे तेव्हा प्रबंध लिहीत होते. पण पाटी बघणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून सांगतो, रँक लागत नसेल तर आणखी एक वर्ष घरी बस, पण एमएसच घे.

शिरोड्याचा_रेसिडेंट
काकांशी सहमत. रिपीट कर, डिप्लोमा नको.

लेस्टरची_ताई
सहमत. बाहेर तर डिप्लोमाला कोणी विचारत नाही.

पेडणेकर_न्यूजर्सी
पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.

सावईची_पोर
चार दिवस सगळं परत परत वाचलं, आईबाबांना वाचून दाखवलं.

अमेरिकेला अर्ज करत नाही. म्हापशाच्या दादाचा तो घड्याळाचा प्रसंग ऐकून आई उठून आत गेली. दादा, तुमचं लिहिणं मला सगळ्यात उपयोगी पडलं, जरी मी तो इंटरव्ह्यू देणार नसले तरी. "आधी टॉर्च" मी आजच वॉर्डात एका ज्युनिअरला सांगितलं.

नीट पीजी देईन. एमएस मिळाली आणि तिथे कटिंग असेल तर घेईन. पण तशी जागा मिळाली नाही तर वर्षभर घरी बसणार नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० पासून डोळ्यांचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू केलाय, नीटच्याच गुणांवर मिळतो, स्टायपेंड असतो. भरपूर मोतीबिंदू होणारं रुग्णालय बघून तो घेईन. पुढे पीडीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेशपरीक्षा) देऊन आणखी दोन वर्षांत डीएनबी, म्हणजे एमएसच्या बरोबरीची पदवी, करता येते.

डॉक्टरकाका, राग मानू नका. तुम्ही नको म्हणालात, पण तुमच्याच उत्तरातले ते बाक आणि तीनशे डोळे वाचून माझं ठरलं. मला दोन वर्षांत तेच हवंय. पाटीवर काय लिहायचं ते नंतर बघू. सगळ्यांना देव बरें करूं.

पेडणेकर_न्यूजर्सी
चूक करते आहेस. पण शुभेच्छा.

मडगावचे_डॉक्टरकाका
राग नाही गो. अजून माझं मत तेच आहे. पण नीट झाली की मडगावला ये, शनिवारी मी ऑपरेशनं करतो, बाजूच्या मायक्रोस्कोपमधून बघत बस. येताना ते बकऱ्याचे डोळे आण, मी शेजारी बसून टाके घालून दाखवतो.

सावईची_पोर
येईन काका, नक्की. शिरोड्याच्या दादा, डोळे कुठे मिळतात? फोंड्याच्या खाटकाकडे विचारलं, तो म्हणाला डोकं अख्खंच विकतो.

शिरोड्याचा_रेसिडेंट
अख्खं डोकं घेऊ नको, महाग पडतं. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेव आणि सकाळी सहाच्या आत जा, बर्फ घातलेला डबा ने. डोळ्याभोवतीचं मांस थोडं ठेवूनच काढायला सांग, नाहीतर टाचणी मारायला जागा राहत नाही.