डोनरच्या पेशींनी गुडघ्याची गादी परत येते? कुणी सांगितलं?

कडोलीकर:
काल आपल्या ग्रुपवर फिरत होतं, "दुसऱ्याच्या स्टेम सेलचं एकच इंजेक्शन, गादी नव्यानं उगवते, वाटी बदलायची गरज नाही." डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्याकडं मिळतं ते बेंगळुरूत तयार झालेलं, डोनरच्या बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडाच्या मगजातल्या मूळ पेशींचं (स्टेम सेल त्याच), २०२२ पासून बाजारात. परवानगी ग्रेड २ आणि ३ च्या झिजेला, हाडाला हाड घासतंय त्या ग्रेड ४ ला नाही. त्यांच्याच १४६ पेशंटच्या ट्रायलमध्ये वर्षभरात दुखणं कमी झालं, चालणं सुधारलं, हे खरं आहे. पण एमआरआयमध्ये गादी वाढलेली दिसली नाही, फार तर आणखी बिघडली नाही. मग "उगवते" आलं कुठनं? आमच्या गल्लीत एकजण ग्रेड ४ चा गुडघा घेऊन शेत गहाण टाकायला निघालाय.

गर्लगुंजीची लेक:
गादीचं एमआरआयला विचारत बसा तुम्ही. आमच्या काकींची हयात भाताच्या चिखलात वाकून रोप लावण्यात गेली, जिना उतरायचा तर भिंतीला दोन्ही हात लावून पाठमोऱ्या उतरायच्या. हेच इंजेक्शन घेतलं, आता घागर घेऊन सरळ उतरतात. दुखायचं थांबलं, आणखी काय पाहिजे माणसाला?

तालीमवाला निपाणी:
ताई, एका काकीवरनं गाव ठरत नाही. अमेरिकेतली मोठी ट्रायल २०२३ ला आली, नाळेतल्या डोनर पेशी, स्वतःच्या मॅरोतल्या, चरबीतल्या, तिन्ही साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनसमोर लावल्या, वर्षानं कुणीच सरस ठरलं नाही. कोरियात २०१२ पासून नाळेच्या रक्तातल्या पेशी वापरतात, पण तिथं गुडघा उघडून, हाडाला भोकं पाडून जेलसकट भरतात, सुई टोचून घरी पाठवत नाहीत. आणि हॉलंडवाल्यांनी ऑपरेशननं गादीतल्या खड्ड्यात पेशंटच्या गादीच्या पेशींबरोबर डोनरच्या पेशी भरल्या, वर्षानं तपासलं तर तिथं भरून आलेल्या गादीत डोनरच्या पेशींचा मागमूस नाही, त्या नुसत्या पेशंटच्याच पेशींना कामाला लावून जातात. सगळ्याला "स्टेम सेल" म्हणून एकाच पोत्यात भरू नका.

वडगाव विणकर:
पेशींचं राहू दे, कागदाचं बोला. माझ्या आईला इंजेक्शनआधी संमतीचा फॉर्म दिला, कन्नड आणि इंग्लिश. नर्सनं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या, "इथं सही, इथं सही." पेशी परक्या माणसाच्या आहेत हे आईला घरी आल्यावर कळलं, दोन दिवस जेवली नाही ती.

चिकोडीकर:
झालं, गुडघ्यातपण सीमाप्रश्न. कर्नाटकात राहायचं तर कन्नड शिका की.

वडगाव विणकर:
सत्तरीतल्या बाईला शिका म्हणताय? आयुष्य मागावर गेलं तिचं! माझ्या कन्नड शेजाऱ्यालासुद्धा तो फॉर्म कळला नाही. ट्रायलमध्ये पेशंटला समजेल त्या भाषेत सांगायचं असा २०१९ चा नियम आहे, मग पैसे मोजणाऱ्याला का नको?

कडोलीकर:
म्हणूनच लोक मिरज-कोल्हापूर गाठतात. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली फुले आरोग्य योजना लागू केली तर इकडं कर्नाटकात केवढा गदारोळ झाला. भांडण दोन सरकारांचं, गुडघे आमचे.

चिकोडीकर:
गदारोळ होणारच, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत योजना कशी चालवता? आमच्याकडं आयुष्मान आहे. तुम्हाला इंजेक्शनवर बोलायचंच नाही.

वडगाव विणकर:
माझी आई दोन दिवस उपाशी राहिली ते इंजेक्शनवरनंच. तोंड सांभाळून बोला.

गर्लगुंजीची लेक:
भांडा तुम्ही. काकींचा गुडघा ग्रेड ३ होता, एवढं मानते. ग्रेड ४ वाल्याला शेत गहाण टाकू नको म्हणून जरूर सांगा. पण ज्याला लागू आहे त्याला घाबरवू नका, ट्रायलमध्ये दुखणं कमी झालं हे तुम्हीच लिहिलंय.

कडोलीकर:
लिहिलंय, आणि मागं घेत नाही. ग्रेड कुठला आणि एका वर्षापुढं काय, एवढं डॉक्टरला विचारूनच पैसे भरा. त्या पोस्टवाल्यानं "उगवते" हा शब्द काढावा.

चिकोडीकर:
फॉर्म मराठीत असला तर माझी हरकत नाही. योजनेचं मात्र पटत नाही.

वडगाव विणकर:
मग सोमवारी मराठी फॉर्म मागायला दवाखान्यात जातोय, चला माझ्याबरोबर. कन्नडमध्ये अर्ज तुम्हीच लिहा.