गावच्या शाळेतील समता आणि लोकसहभाग : वर्गणीच्या पुढे कसे जावे?

प्रश्न
अनेरकाठ (शिरपूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा मी पालक सदस्य आहे. शाळेतील निम्म्याहून अधिक मुले गावाबाहेरच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमधून येतात, उरलेली गावातली आहेत. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थी, तरुण मंडळ आणि काही व्यापारी पुढे आले आणि लोकवर्गणीतून रंगरंगोटी, पाण्याची टाकी, डिजिटल वर्ग अशी पुष्कळ कामे झाली. त्या सर्वांविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र या सुधारणांचा लाभ सर्व मुलांना सारखा पोहोचत नाही, हे मला रोज दिसते. वस्तीतली मुले वर्गात मागच्या रांगेत असतात. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन आणि भाषणे गावातल्या मुलांकडे जातात आणि वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला दरवर्षी एक समूहनृत्य येते. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले की मुलेही त्यांच्याबरोबर जातात आणि परतल्यावर अभ्यासात जी मागे पडतात ती मागेच राहतात. समितीत वस्तीतल्या दोन भगिनी आहेत. इतिवृत्ताच्या वहीत त्यांचे अंगठे असतात, बैठकीत मात्र त्या दिसत नाहीत.

अमेरिकेत सरकारी शाळांमधील वांशिक विषमता कमी करण्यासाठी शाळा, पालक आणि स्थानिक संस्था एकत्र येऊन काम करतात, असे वाचनात आले. त्यातून आपल्याला घेण्यासारखे काही आहे का? दुसरे असे की, कोणत्या वस्तीतली किती मुले हजर असतात, किती मुलांना वाचता येते, अशी वेगळी नोंद ठेवण्याची सूचना मी केली, तेव्हा ‘यामुळे गावात दुही माजेल’ असे मला सांगण्यात आले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १
सेवानिवृत्त केंद्रप्रमुख (चोपडा)

आपण मांडलेल्या प्रश्नातील शेवटची गोष्ट, म्हणजे वहीतले अंगठे, ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले वस्त्यांमधली असतील, तर समितीत केवळ दोन सदस्य असणे हे कायद्याच्या हेतूला धरून नाही. पुढच्या पुनर्रचनेच्या वेळी हा मुद्दा पालकसभेत लेखी मांडावा.

त्या भगिनी बैठकीला का येत नाहीत, हेही पाहिले पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक बोलावली, तर येणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. निरोपही बहुधा मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवला जातो आणि घरी ती वाचणारे कोणी नसते. माझ्या केंद्रातील एका शाळेने एक बैठक शाळेत आणि पुढची वस्तीवर, संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर, अशी पद्धत घातली होती. इतिवृत्त लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचले जाई, वस्तीतलाच एक तरुण ते पावरीत सांगे आणि मगच सह्या व अंगठे घेतले जात. पहिल्या काही बैठकांत कोणी बोलले नाही. नंतर एका आजीने विचारले की, पोषण आहाराची खिचडी वाढताना आमची पोरे शेवटी का असतात? त्या प्रश्नाला तिथेच उत्तर द्यावे लागले आणि दुसऱ्या दिवसापासून रांग इयत्तेप्रमाणे लागू लागली. त्या बदलासाठी एक पैसाही खर्च झाला नव्हता.

कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. आपल्याकडे तो मुख्याध्यापक एकटे बसून भरतात. वर्गणी देणाऱ्या मंडळींना विनंती करावी की, त्यांनी आधी तो आराखडा पाहावा आणि वस्तीवरच्या बैठकीत ज्या गरजा पुढे आल्या त्यांनाच पैसे द्यावेत.

उत्तर २
ग्रंथालय-सेवक (धुळे)

अमेरिकेविषयी विचारले आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९५४ मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधील वर्णावर आधारित विभागणी घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाची एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. दक्षिणेकडील राज्यांत शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा बंद करण्यात आल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक यांच्या नोकऱ्या गेल्या. मुले एका इमारतीत आली, परंतु त्यांच्या घरची भाषा, रीत आणि अडचणी जाणणारी मोठी माणसे त्या इमारतीत राहिली नाहीत. पालक आणि शाळा यांच्यातील हा दुरावा भरून काढणे हे पुढे तेथील भागीदारीच्या प्रयत्नांपुढचे मोठे काम होऊन बसले.

त्यांपैकी एक प्रयत्न मला आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा वाटतो. येल विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये न्यू हेवन शहरातील दोन प्राथमिक शाळांमध्ये काम सुरू केले. त्या शाळांतील बहुतेक मुले गरीब, कृष्णवर्णीय कुटुंबांतील होती. कोमर यांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक, इतर कर्मचारी आणि पालक यांचे एक नियोजन व व्यवस्थापन मंडळ उभे केले. त्याच्या कामकाजाचे तीन नियम होते. अडचणीवर बोलताना कोणाला दोषी ठरवायचे नाही, निर्णय मतदानाऐवजी सहमतीने घ्यायचे आणि मंडळाने मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत, तसेच मुख्याध्यापकांनीही मंडळाला डावलायचे नाही. मतदान झाले की संख्येने किंवा वजनाने मोठा गट जिंकतो आणि हरलेला पुढच्या बैठकीला येत नाही, हे गावगाड्यात राहणाऱ्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या भागात याच्या उलट घडले. तेथे स्थानिक लोकांच्या मंडळाला शाळांचा कारभार प्रयोग म्हणून देण्यात आला होता. मंडळाने काही शिक्षकांना आपल्या शाळांतून हलवले, शिक्षक संघटनेने शहरभर दीर्घ संप केला आणि वस्तीतील पालक व शिक्षक एकमेकांसमोर उभे ठाकले. पालकांच्या मागणीमागे न्याय होता, असे माझे मत आहे. तरीही कोणाचा अधिकार कुठवर हे आधी ठरले नव्हते आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

वेगळ्या नोंदीविषयी सांगायचे, तर २००२ च्या कायद्याने अमेरिकेतील शाळांना परीक्षांचे निकाल वंशनिहाय जाहीर करणे बंधनकारक झाले. सरासरीच्या आड लपलेली तफावत त्यामुळे उघड झाली, हा त्याचा मोठा लाभ. मात्र त्या आकड्यांवरून शाळांवर कारवाई होऊ लागली, तेव्हा शिकवण्याची जागा परीक्षेच्या तयारीने घेतली. म्हणून नोंद जरूर ठेवावी, पण ती शिक्षकाला धारेवर धरण्यासाठी वापरू नये.

उत्तर ३
सातपुड्यातील शिक्षिका (धडगाव)

ग्रंथालय-सेवक दादांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे, तथापि तेथील वर्णभेद आणि आपल्याकडील जात-जमातींचे प्रश्न एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. येथे सर्वांत मोठी भिंत भाषेची आहे आणि त्यांच्या उत्तरात तिचा उल्लेख ओझरताच आला. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पहिलीत येणारे मूल घरी पावरी, भिली किंवा मावची बोलत असते. त्याच्यासमोर प्रमाण मराठीतले पुस्तक ठेवले जाते, ते गप्प बसते आणि आपण ‘मूल अबोल आहे’ असा शेरा लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये, शक्य तेथवर अध्यापनाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. नर्मदा खोऱ्यातील जीवनशाळांनी नव्वदच्या दशकापासून हे प्रत्यक्ष करून दाखवले. तेथे गावकऱ्यांनी शाळा उभारल्या आणि स्थानिक तरुण शिक्षक झाले.

माझ्या वर्गातला अनुभव सांगते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पडू लागली की मुले पहाटेच आईबरोबर वेचायला जातात आणि शाळेत उशिरा येतात किंवा येतच नाहीत. हजेरीपत्रकात त्यांची गैरहजेरी लागते. एका वर्षी पाड्यावरच्या दोन आज्यांना मी वर्गात बोलावले. त्यांनी सुकवलेली फुले टोपलीतून जमिनीवर ओतली आणि मुलांना दहा-दहाच्या वाट्यात मांडायला सांगितले. देठ आणि कचरा कसा निवडायचा, किती ओली फुले वाळून किती उरतात, हे त्या त्यांच्या भाषेत सांगत होत्या आणि मुले आज्यांच्याही पुढे धावून उत्तरे देत होती. दशकाची कल्पना जी मी महिनाभर फळ्यावर शिकवत होते, ती त्या सकाळी बहुतेकांना कळली. गावातली दोन मुले मात्र गोंधळली, कारण त्यांना भाषा येत नव्हती, आणि त्यांना समजावून सांगण्याचे काम पाड्यावरच्या एका मुलीने केले. असा प्रसंग वर्षातून एकदा ‘कार्यक्रम’ म्हणून करू नये, तो वेळापत्रकात यावा. भागीदार म्हणून कोणाला बोलवायचे, याचे उत्तर नेहमी तालुक्याच्या गावी शोधायचे नसते.

आणखी एक विनंती. समूहनृत्य बंद करू नका, मुलांना त्याचा अभिमान असतो. सूत्रसंचालनही त्यांच्याकडे द्या आणि ते दोन्ही भाषांत होऊ द्या.

उत्तर ४
एक पालक (यावल)

वेगळ्या नोंदीने दुही माजते, हे म्हणणे मला पटत नाही. मात्र नोंद कशी ठेवतात याला महत्त्व आहे. आमच्याकडे एकदा वाचनात मागे असलेल्या मुलांची नावे वर्गातल्या तक्त्यावर लावली गेली होती. त्यात बहुतेक मुले तडवी आणि भिल्ल वाड्यांतली होती आणि काहींनी आठवडाभर शाळेत पाऊल ठेवले नाही. नावे शिक्षकांच्या वहीत राहावीत. समितीपुढे केवळ संख्या यावी आणि तीही ‘कोणती मुले मागे आहेत’ अशी न येता ‘शाळा कोणापर्यंत पोहोचलेली नाही’ अशा शीर्षकाखाली यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढची बैठक वस्तीवर, संध्याकाळी घेण्याचा ठराव मी मांडणार आहे आणि इतिवृत्त वाचून दाखवण्याची पद्धतही सुचवणार आहे. मुख्याध्यापक सरांशी आज बोललो. नोंद त्यांच्याच वहीत राहणार असेल तर त्यांची हरकत नाही. एक शंका उरते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी आता, म्हणजे दिवाळीआधी, काय करता येईल?

उत्तर ५
सेवानिवृत्त केंद्रप्रमुख (चोपडा)

दिवाळीची वाट पाहू नका. कोणते कुटुंब कधी आणि कुठे जाणार, हे मुकादमाकडून उचल घेतानाच ठरलेले असते, म्हणून वस्तीवरच्या पहिल्याच बैठकीत ती यादी करावी. जी मुले आजी-आजोबांजवळ राहू शकतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा (म्हणजे आईवडील बाहेरगावी असेपर्यंत मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय करण्याचा) प्रस्ताव समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लवकर पाठवावा. जेवण घरच्याच चुलीजवळ आणि अभ्यास शाळेत, अशी व्यवस्था आज्यांना अधिक भरवशाची वाटते, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. ज्यांना जावेच लागेल, त्यांच्या हाती, तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून, शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि मूल कुठवर शिकले आहे हे त्यावर नीट भरावे, नाहीतर ते कोरे राहते. परतल्यावर त्यांना वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार बंधनकारक आहे. वर्गणी देणाऱ्या तरुण मंडळाला काम हवे असेल, तर या प्रशिक्षणासाठी उन्हाळ्यात रोज दोन तास शिकवण्याची जबाबदारी त्यांनी उचलावी, आणि शिकवणाऱ्यांत वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुले-मुली मानधनावर घ्यावीत.