रात्रीचा प्रवास करावा की मुक्काम? आमच्या रॉक बँडचा पहिला दौरा

प्रश्न: कृष्णाकाठची गिटार (सांगली)

सर्वांना नमस्कार. आम्ही सांगलीतील पाच जण गेली चार वर्षे मराठीत स्वतःची गाणी रचून रॉक संगीत वाजवतो. आजवरचे आमचे कार्यक्रम सांगली, मिरज, तासगाव आणि कोल्हापूर एवढ्याच परिसरात झाले, त्यामुळे रात्री कितीही उशीर झाला तरी प्रत्येक जण आपल्या घरच्या अंथरुणावरच झोपत असे. येत्या जानेवारीत मात्र दहा दिवसांत सात कार्यक्रम ठरले आहेत: शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी बेळगाव, रविवारी म्हापसा, सोमवारी साताऱ्यात एका महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, मंगळवार व बुधवार मोकळे, मग गुरुवारी आणि शुक्रवारी पुणे आणि शेवटी रविवारी ठाणे.

अडचण रविवार-सोमवारची आहे. म्हापशाचा कार्यक्रम रात्री दहाला संपेल आणि साताऱ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, आहे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असून वाटेत आंबोलीचा घाट आहे. आमच्यापैकी तिघांचे मत असे आहे की कार्यक्रम संपताच निघावे, गाडीत झोपावे आणि सकाळी साताऱ्यात उतरावे. हीच पद्धत पुढेही ठेवली तर एकूण चार रात्रींचे खोल्यांचे भाडे, म्हणजे वीस-बावीस हजार रुपये वाचतील. सात माणसे, एक टेंपो ट्रॅव्हलर आणि एक चालक असा आमचा सरंजाम आहे. एका कार्यक्रमाचे मानधन सरासरी पंचवीस हजार असल्यामुळे ही बचत आम्हाला लहान वाटत नाही. मला स्वतःला मात्र ही योजना पटत नाही, पण का पटत नाही हे इतरांना नीट सांगता येत नाही. ज्यांनी असे दौरे केले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: साताऱ्याचा साउंडवाला

गेली अठरा वर्षे मी ध्वनिव्यवस्थेचे काम करतो आणि वाद्यवृंदांबरोबर, गायकांबरोबर, बँडबरोबर पुष्कळ फिरलो आहे. आपल्या मनातील शंका योग्य आहे, तिला धरून राहा.

प्रथम वेळेचा हिशेब तपासून पाहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून कार्यक्रम दहाला संपेल हे खरे. पण दहाला कार्यक्रम संपतो, काम संपत नाही. ड्रमचा संच उतरवून एकेक भाग पिशवीत भरायचा, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) थंड झाले की खोक्यात ठेवायचे, पेडलबोर्डच्या (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या फळीच्या) तारा सोडायच्या, आपल्या केबली आणि आयोजकाच्या केबली वेगळ्या करायच्या, भेटायला आलेल्या श्रोत्यांशी दोन शब्द बोलायचे, उरलेले मानधन मोजून घ्यायचे आणि मग जेवायचे. पाच जणांच्या बँडला यात दोन तास सहज जातात. म्हणजे आपण मध्यरात्री निघणार आणि आपला चालक नेमका पहाटे दोन ते सहा या वेळात गाडी चालवत असणार, जेव्हा माणसाच्या शरीराला झोपेची सर्वांत तीव्र ओढ असते. शिवाय तो त्या दिवशी सकाळीच बेळगावहून चोर्ला घाट उतरून आलेला असेल.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गोव्याहून असेच रात्रीचे परतत होतो. चालक उत्तम, व्यसन नाही, वीस वर्षांचा अनुभव. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पहाटे तासवड्याच्या टोलनाक्यावर त्याने पैसे दिले, सुटे घेण्यासाठी हात खिडकीबाहेर काढला, आणि तो हात तसाच राहिला. नाक्यावरच्या मुलाने नाणी तळहातावर ठेवली, ती घरंगळून खाली पडली, तरी बोटे मिटली नाहीत. डोळे उघडे होते. माणूस झोपलेला होता. त्याच्या आधी कराडपासून तिथपर्यंत गाडी कोण चालवत होते, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. मी त्याला खाली उतरवले, आम्ही उजाडेपर्यंत तिथेच थांबलो आणि त्यानंतर मी एकाही कार्यक्रमानंतर रात्रीचा प्रवास केलेला नाही.

आपल्या तिन्ही मित्रांना मेटॅलिका या अमेरिकन बँडची हकीकत माहीत असेलच. २६ सप्टेंबर १९८६ रोजी स्टॉकहोमचा कार्यक्रम संपवून ती मंडळी रात्री बसने कोपनहेगनकडे निघाली आणि २७ तारखेच्या पहाटे दक्षिण स्वीडनमध्ये बस उलटली. बेस वाजवणारा क्लिफ बर्टन त्यात गेला. तो चोवीस वर्षांचा होता आणि आपल्या जागेवर झोपलेला होता. त्या दौऱ्यात पैशांची वा माणसांची टंचाई नव्हती. आपल्याकडे तर चालकही एकच आहे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकासाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. एकट्या गाडीमालकाला तो नियम लागू असो वा नसो, दौरा आखताना हेच माप धरावे. आणि चालकाची खोली कधीही वाचवू नये. पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना खोल्या देतात आणि चालकाला गाडीतच झोपायला सांगतात. दुसऱ्या दिवशी सात जणांचा जीव ज्याच्या हातात द्यायचा, त्याला पाठ टेकायला जागा मिळू नये, हे मला कधीही समजलेले नाही.

उत्तर: मिरजेची गायिका

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त आवाजाबद्दल थोडे सांगते. पहिल्या दौऱ्यात चौथ्या दिवशी माझा आवाज पूर्ण बसला. मला वाटले, वरच्या पट्टीतील गाण्यांमुळे तो बसला. मिरजेतील घशाच्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा की प्रवासात तुम्ही किती बोलता? तेव्हा माझ्या लक्षात आले की खिडक्या उघड्या असलेल्या धावत्या गाडीत, इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून, आम्ही रोज चार-चार तास गप्पा मारत होतो. व्यासपीठावर गळ्याला दीड तास काम होते आणि तेही ध्वनिक्षेपकाच्या आधाराने. गाडीत त्याच्या दुपटीहून अधिक काम होत होते आणि आधार कसलाच नव्हता. तेव्हापासून आमच्या गाडीत गाणारी व्यक्ती पुढच्या आसनावर बसते, काच बंद ठेवते आणि शक्यतो बोलत नाही. कुजबुजणे हा त्यावरचा उपाय नाही, त्यानेही गळ्यावर ताण येतो. कोमट पाणी दिवसभर घोट-घोट पीत राहावे आणि संध्याकाळी वाफ घ्यावी.

कानांचेही तेच. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरते. आपला ड्रमवादक रोज त्याहून कितीतरी अधिक वेळ त्या आवाजात बसतो. त्याला कानातील बोळे आजच घेऊन द्या आणि परतीच्या गाडीत मोठ्याने गाणी लावू नका.

उत्तर: वाद्यवृंदाचा व्यवस्थापक (कराड)

साउंडवाल्या मित्रांचा अनुभव मोलाचा आहे, पण रात्रीचा प्रवास सरसकट वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही. तमाशाचे फड दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावोगाव फिरतात आणि खेळ संपला की पुढच्या गावाला निघतात. ते त्यांना जमते, कारण त्यांचा दिवसच उलटा बांधलेला असतो. राहुट्या लागल्या की दुपारपर्यंत सगळे झोपतात, सामान चढवणारी माणसे वेगळी, गाड्यांवरची माणसे वेगळी. आपल्याला मात्र रात्रीचा प्रवासही हवा आहे आणि दुपारी दोनला साउंड चेकही हवा आहे. या दोन्हींत झोप कुठेच बसत नाही. दुसरा चालक घेऊन, त्याला रविवारी दिवसभर झोपवून, मग रात्री निघणे शक्य आहे, परंतु त्याचा रोज आणि भत्ता धरला तर बचतीतील मोठा भाग तिथेच जातो.

माझ्या मते मूळ दोष मुक्कामाच्या निर्णयात नाही, तारखांच्या मांडणीत आहे. सुपारी आली की तारीख विचारून 'हो' म्हणायचे, ही आपल्या सर्वांची सवय. १९५९ च्या जानेवारीत रॉक गायक बडी हॉली आणि इतर कलावंत अमेरिकेच्या मध्यभागात ज्या दौऱ्यावर निघाले, त्यात २४ दिवसांत २४ गावे होती आणि गावांचा क्रम असा की गाडी नकाशावर सारखी मागे-पुढे धावत होती. कडाक्याच्या थंडीत बसची ऊब देणारी यंत्रणा बंद पडली, ड्रमवादक कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने बधिर होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. त्या बसला कंटाळून हॉलीने लहान विमान भाड्याने घेतले आणि ३ फेब्रुवारीच्या पहाटे ते विमान आयोवात कोसळले. विमान आणि हवामान ही कारणे खरीच, पण मला त्या हकीकतीत सर्वांत आधी दिसतो तो कुणीतरी कार्यालयात बसून केलेला तारखांचा तक्ता.

आपला तक्ता पुन्हा पाहा. सोमवारी धावपळ आणि लगेच मंगळवार-बुधवार रिकामे, हे उलटे झाले आहे. स्नेहसंमेलने बहुधा दोन-तीन दिवस चालतात. महाविद्यालयाला आजच कळवा की आम्हाला मंगळवार द्या. म्हापशाला शांतपणे झोपा, सोमवारी न्याहारी करून निघा आणि दिवसाउजेडी आंबोली-आजरा मार्गाने घरी या.

उत्तर: कृष्णाकाठची गिटार

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारची कल्पना आम्हालाही सुचली होती, पण आमचा बेसवादक बँकेत नोकरीला आहे आणि त्याची रजा सोमवारपर्यंतच आहे. मंगळवार-बुधवार त्याने कामावर जावे आणि गुरुवारी पुन्हा रजा घ्यावी, अशी आखणी होती. तरीही महाविद्यालयाकडे विचारणा केली आहे. दुसरी शंका अशी की सामान कमी करावे काय? आम्ही ड्रमचा पूर्ण संच आणि तीन अँप नेतो.

उत्तर: साताऱ्याचा साउंडवाला

अवश्य कमी करा. ग्रेटफुल डेड या बँडने १९७४ साली स्वतःची ध्वनिभिंत उभारली होती, तिचे वजन सुमारे ७५ टन होते. ती उभारायला इतका वेळ लागे की मंचाचे दोन सांगाडे करून एक पुढच्या गावी आधीच पाठवावा लागे. त्या खर्चाने आणि श्रमाने ते इतके दमले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी दौरे थांबवले. आपल्याला स्नेअर (छोटा ड्रम), सिंबल (झांजा), बास ड्रमचे पेडल, गिटारी आणि पेडलबोर्ड एवढेच पुरते. ड्रमचा सांगाडा आणि अँप आयोजकाकडून मागवा. त्याने चढ-उताराचा निम्मा वेळ वाचेल.

मात्र मागवलेले खरोखर येईल याची खात्री करून घ्या. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या १९८२ च्या करारात अशी अट होती की कलावंतांच्या खोलीत ठेवलेल्या चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांतून तपकिरी गोळ्या वेगळ्या काढलेल्या असाव्यात. लोकांना तो लहरीपणा वाटला, पण तपकिरी गोळी दिसली की तांत्रिक मागण्यांचे पान आयोजकाने वाचलेले नाही हे त्यांना कळत असे आणि मग ते मंचाची व विजेची पुन्हा तपासणी करत. आपण मंचाचा आराखडा मराठीत एका पानावर लिहा, कोण कुठे उभा राहणार, किती माइक, किती प्लग, हे चित्रासह द्या, आणि दोन दिवस आधी फोन करून ते पान समोर ठेवायला सांगून एकेक ओळ विचारा. आर्थिंग आहे का, हे सर्वांत आधी विचारा. माइकला ओठ लागताच झटका बसलेला गायक मी पाहिला आहे.

उत्तर: जुना नाट्यरसिक (सांगली)

रॉक संगीत मला फारसे कळत नाही, पण आपण सांगलीचे आहात म्हणून लिहितो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपल्याच गावात नाटकाचा पहिला प्रयोग केला. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या निधनानंतर राजाश्रय सुटला, तेव्हा ते मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केला. पुढे संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात कंपनी एका गावी गेली की आठवडेच्या आठवडे मुक्काम करी आणि स्वतःचा भटारखाना बरोबर नेई, कारण गाणाऱ्याचे पोट बिघडले की तिकिटाचे पैसे परत करावे लागत. आपल्याला भटारखाना नेता येणार नाही, पण एक लहान गॅस, डाळ-तांदूळ, घरचे मेतकूट आणि डबाभर भडंग नेता येईल. रात्री अकरानंतर ढाब्यावरची तर्री खाऊन घाटात बसण्यापेक्षा खोलीत मऊ भात खाऊन झोपलेले बरे. माझा नातू तबला वाजवतो, त्यालाही मी हेच सांगतो.

उत्तर: कृष्णाकाठची गिटार

महाविद्यालयाने मंगळवार दिला. त्यांचे संमेलन बुधवारपर्यंत आहे आणि मंगळवारी त्यांना संध्याकाळी मोकळी वेळ होतीच. फक्त विचारायचे राहिले होते. आता सोमवारी सकाळी म्हापशाहून निघून आम्ही संध्याकाळपर्यंत सांगलीत पोहोचू, आपापल्या घरी झोपू आणि मंगळवारी सकाळी साताऱ्याला येऊ, म्हणजे एका रात्रीचे भाडेही वाचले. बेसवादकाने साहेबांना प्रत्यक्ष भेटून मंगळवारची रजा मागितली आहे, ती मिळेल असे त्याला वाटते. न मिळाल्यास तो दुपारी बँकेतूनच बसने निघेल आणि त्याचा साउंड चेक मी करीन, त्याचे सर्व सूर मला पाठ आहेत. चालकासाठी प्रत्येक मुक्कामी स्वतंत्र खोली घेण्याचे काल रात्री सर्वांनी एकमताने ठरवले. टोलनाक्यावरच्या नाण्यांची हकीकत मी तालमीत मोठ्याने वाचून दाखवली, त्यानंतर कुणीही वाद घातला नाही.

उत्तर: साताऱ्याचा साउंडवाला

त्या महाविद्यालयाचे ध्वनीचे काम योगायोगाने माझ्याकडेच आहे. मंगळवारी तीन वाजता मी तिथे असेन. आराखड्याचे पान शनिवारपर्यंत पाठवा आणि बेससाठी डीआय बॉक्स (बेस थेट ध्वनिव्यवस्थेला जोडणारी पेटी) आणू नका, माझ्याकडे दोन आहेत.