फ्लटर सेटअप: पाथमध्ये पाच प्रश्नचिन्हं येतायत आणि ग्रेडल सुरूच होत नाही

दूधवही

नमस्कार मंडळी, आज पाचवा दिवस आहे आणि अजून एक साधं ॲपसुद्धा चाललेलं बघितलं नाही, म्हणून शेवटी इथे विचारतेय. मी बीएस्सी कॉम्प्युटर सेकंड इयरला आहे. घरी चार म्हशी, दोन गाई. आप्पा सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालतात, तिथे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), दर असं सगळं छापलेली बारकी चिठ्ठी मिळते, ती चिठ्ठी काही दिवसांत पुसट होऊन जाते आणि दहा दिवसांचं बिल आलं की ताळा लागत नाही. त्याच्यासाठी ॲप करायचंय, म्हणून फ्लटर (मोबाइल ॲप बनवायचं साधन) शिकायला घेतलं.

लॅपटॉप विंडोज ११, रॅम ८ जीबी. इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे दिवसाचे २ जीबी संपले की त्या दिवशीचं काम बंद.

आधी फ्लटर डॉक्टर कमांड (सेटअप नीट झालाय का ते तपासणारी) दिली तर अँड्रॉइडच्या ओळीपुढे उद्गारचिन्ह, कमांड लाइन टूल्स नाहीत आणि लायसन्सचं काही कळत नाही असं म्हणत होतं. ते जमलं. अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके (अँड्रॉइड ॲप बनवायला लागणाऱ्या टूल्सचा संच) मॅनेजरमध्ये एसडीके टूल्सच्या टॅबवर कमांड लाइन टूल्सला टिक केली, मग लायसन्सच्या कमांडला दर वेळी वाय दाबत गेले. आता डॉक्टर सगळं हिरवं दाखवतो. (एसडीके डी ड्राइव्हला आहे, कारण इन्स्टॉल करताना मूळ जागेला स्टुडिओ हरकत घेत होता, का ते तेव्हा नीट वाचलं नाही.)

पण फ्लटर रन केलं की थांबतं. पहिल्यांदा प्रोजेक्ट डॉक्युमेंट्समध्ये होता तेव्हा ग्रेडलच्या (कोडपासून ॲप बांधणारं टूल) रॅपरचा मेन क्लास सापडत नाही असा एरर. वर्गातला एक जण म्हणाला प्रोजेक्ट डी ड्राइव्हला हलव, हलवला, तर आता एरर वेगळाच, की लॉक फाइलचा वरचा फोल्डर तयार करता येत नाही, आणि पुढे जो पाथ (फोल्डरचा पत्ता) दिलाय तो असा: सी, यूझर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग डॉट ग्रेडल, रॅपर, डिस्ट्स. ती पाच प्रश्नचिन्हं कुठून आली तेच कळत नाहीये. अँड्रॉइड स्टुडिओ तीन वेळा काढून परत टाकलं, दोन दिवसांचा डेटा त्यातच गेला. कोणी मदत करेल का?

मळ्यातला_वायफाय

जावाचा घोळ आहे ताई. जावा ८ टाका, जावा होम सेट करा, रीस्टार्ट मारा. माझं तसंच सुटलेलं.

रात्रपाळी

जावा ८ आता अजिबात टाकू नका, राग मानू नका दादा पण हा सल्ला जुना झाला. अँड्रॉइडचा ग्रेडल प्लगिन ८.० पासून जावा १७ मागतो. आणि वेगळा जावा लागतच नाही, स्टुडिओ स्वतःचा जावा बरोबर आणतो, जेबीआर नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि तुम्ही दुसरं काही सांगितलेलं नसेल तर फ्लटर तोच उचलतो. जावाची गडबड असती तर एररमध्ये क्लास फाइलचा मेजर व्हर्जन अमुक चालत नाही असं आलं असतं, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. इथे तसं काहीच नाहीये.

दूधवही, मला एकच सांगा. विंडोजमध्ये तुमच्या अकाउंटचं नाव काय आहे, आणि ते कोणत्या लिपीत आहे? सी ड्राइव्हच्या यूझर्समध्ये जाऊन फोल्डरचं नाव बघा.

दूधवही

आप्पा. मराठीतच आहे, फोल्डरही "आप्पा"च आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा भावाने सेट केलेला. आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, लॅपटॉप उघडल्यावर स्वतःचं नाव दिसावं म्हणून त्याने मुद्दाम मराठीत टाकलं होतं. त्याचा काही संबंध आहे का?

रात्रपाळी

तेच आहे. शंभर टक्के.

"आप्पा" आपण दोन अक्षरं म्हणून वाचतो, पण कॉम्प्युटरच्या हिशोबात ती पाच चिन्हं आहेत: आ, प, पायमोड, प, काना. एकेका चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह, झाली पाच. तुम्ही ती मोजून लिहिलीत म्हणून लगेच कळलं, नाहीतर आम्ही पण अजून आठवडाभर जावाच्याच मागे लागलो असतो.

हे का होतं ते सांगतो. विंडोजमध्ये जुन्या धाटणीच्या प्रोग्रामसाठी कोड पेज नावाची पद्धत आहे, एका वेळी ठरावीक अक्षरांचाच तक्ता. जपानी, चिनी, रशियन यांना असे तक्ते मिळाले होते. देवनागरीला तिथे तसा तक्ता कधी मिळालाच नाही, आपली लिपी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधूनच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच मोठ्या तक्त्यातून. त्यामुळे आपल्याकडच्या लॅपटॉपवर सहसा पश्चिम युरोपचा तक्ता चालू असतो, आणि जावा फोल्डरची नावं त्या तक्त्यातून वाचायला गेला की "आप्पा" त्यात सापडत नाही, मग तो प्रश्नचिन्हं टाकतो. ग्रेडलला आपलं सामान ठेवायला डॉट ग्रेडल फोल्डर लागतो, तो यूझरच्या फोल्डरमध्ये बनतो, म्हणून तो पाच प्रश्नचिन्हांच्या नावाचा फोल्डर करायला जातो, आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. तिथे सगळं अडतं. डॉक्युमेंट्सपण त्याच आप्पा फोल्डरच्या आत, त्यामुळे तुमचा पहिला एररसुद्धा ह्याच मुळाचा. आणि एसडीकेच्या जागेला स्टुडिओने जी हरकत घेतली तीसुद्धा तीच होती, तेव्हाच तो सांगत होता.

म्हणून स्टुडिओ तीनदा काय तीसदा टाकलं तरी फरक पडला नसता, बिघाड स्टुडिओत नव्हताच. हे मी जरा कळकळीने लिहितोय कारण आपल्याकडे कितीतरी मुलं इथेच हात टेकतात आणि आपल्याला कोडिंग जमत नाही असं मनाशी धरून बसतात, आणि कोणी ती एररची ओळ त्यांच्या शेजारी बसून वाचत नाही.

आता उपाय. अकाउंटचं नाव बदलून काही होत नाही, नाव बदलतं पण फोल्डर तोच राहतो. यूझर्समधला फोल्डर हाताने रीनेमही करू नका, लॉगिनचे वांधे होतील. सरळ दुसरं अकाउंट करा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, ॲड अकाउंट, तिथे ईमेल विचारेल तेव्हा माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही असा पर्याय घ्या, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूझर. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. स्पेसनेही पुढे काही टूल्स अडतात. नंतर त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. आप्पांचं अकाउंट आहे तसं राहू द्या, त्यांचं नाव त्यांना मराठीतच दिसू दे.

डेटा वाचवायचा तर: एसडीके डी ड्राइव्हला आहेच, ते परत उतरवायचं नाही. स्टुडिओ प्रोग्राम फाइल्समध्ये असतं, दोन्ही अकाउंटना चालतं. नव्या अकाउंटमध्ये फ्लटर कॉन्फिगच्या कमांडने अँड्रॉइड एसडीकेची जागा एकदा सांगायची, बस. फ्लटरचा फोल्डर कुठे आहे? आप्पा फोल्डरमध्ये असेल तर तोही डी ड्राइव्हला न्या आणि पाथ नव्याने सेट करा. प्रोग्राम फाइल्समध्ये मात्र ठेवू नका, तिथे परवानग्यांचा त्रास होतो.

कणकवलीची_टेस्टर

रात्रपाळी दादांनी बरोबर पकडलं. ज्यांना नवीन अकाउंट करता येत नाही, म्हणजे ऑफिसचा किंवा कॉलेज लॅबचा लॅपटॉप असेल, त्यांच्यासाठी दुसरी वाट लिहून ठेवते. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ग्रेडल यूझर होम, अँड्रॉइड यूझर होम आणि पब कॅश, ह्या तिघांना साध्या इंग्रजी नावाचे फोल्डर द्यायचे, टेम्प आणि टीएमपी हे दोन पण. (नावं मी देवनागरीत लिहिलीत, टाकताना इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.) नवीन टर्मिनल उघडायचं, जुन्याला बदल कळत नाही.

तिसरा एक उपाय सगळीकडे सांगितला जातो, रीजनच्या सेटिंगमध्ये युनिकोड यूटीएफ-८ ची बीटा टिक. त्याने पुष्कळांचं काम होतंही. पण माझ्या काकांच्या दुकानात जुन्या मराठी फॉन्टवर चालणारं बिलाचं सॉफ्टवेअर आहे, तो फॉन्ट युनिकोडचा नाही, टिक केल्यावर बिलावर सगळी भलतीच अक्षरं आली आणि गिऱ्हाईक समोर उभं. घरच्या लॅपटॉपवर असं जुनं काही असेल तर त्या टिकच्या वाटेला जाऊ नका.

दूधवही

दादा, ताई, नवीन अकाउंट केलं आणि तो एरर गेला! प्रश्नचिन्हं नाहीत! पण आता असेंबल डीबग (ॲप बांधायची पायरी) वर वीस मिनिटं नुसतं फिरतंय आणि लॅपटॉप एवढा जड झालाय की माऊस पण अडकत अडकत सरकतो. एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) पण उघडा आहे.

कणकवलीची_टेस्टर

८ जीबीवर एम्युलेटर आणि बिल्ड एकत्र नको गं. एम्युलेटर बंद कर, तुझा फोन केबलने लाव.

थांबलंय त्यात दोन गोष्टी असतील. पहिल्या वेळी ग्रेडल स्वतः उतरतो, शे-दोनशे एमबी, आणि बाकी लायब्रऱ्या वेगळ्या, हॉटस्पॉटवर वेळ जाणारच. मध्येच बंद केलंस तर झिप अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी झिपचा एरर येतो, तसं झालं तर डॉट ग्रेडलच्या रॅपरमधल्या डिस्ट्समधला तेवढा फोल्डर उडवून परत रन करायचं. सगळं पुसायची गरज नाही.

दुसरी गोष्ट रॅमची. प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरमध्ये ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज उघड. जेव्हीएम आर्ग्जच्या ओळीत एक्सएमएक्स ८जी असं दिसेल. म्हणजे ग्रेडलला ८ जीबीपर्यंत जायची मुभा, आणि तुझ्या लॅपटॉपची सगळी रॅमच तेवढी! तिथे २जी कर, आणि मेटास्पेस ४जी असेल ते १जी. सेव्ह करून लॅपटॉप एकदा रीस्टार्ट कर, आधीचा ग्रेडल मागे चालू राहिलेला असतो.

फोनसाठी: अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू. काही फोनमध्ये इन्स्टॉल व्हाया यूएसबी असं वेगळं बटण असतं, ते बंद असलं तर ॲप बनतं पण फोनवर जात नाही. आणि केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन दिसणारच नाही, त्यात माझा एक अख्खा दिवस गेला होता.

मळ्यातला_वायफाय

जावा ८ चं चुकलं माझं, मला हे माहीत नव्हतं. माझ्या भाच्याचं पण अकाउंट मराठी नावाचं आहे, त्याला हा धागा पाठवतो.

दूधवही

झालं!! २जी केलं, पहिलं बिल्ड अकरा मिनिटांत, दुसरं दीड मिनिटाच्या आत. फोन आधी अनऑथराइज्ड दाखवत होता, मग बघितलं तर फोनच्या स्क्रीनवर परवानगीचा चौकोन केव्हाचा येऊन थांबला होता, त्याला हो म्हटलं.

तो डेमो उघडला, अधिकचं बटण दाबलं की आकडा वाढतो तो. मग मी कोडमध्ये शीर्षकाच्या जागी "सकाळचं दूध" लिहिलं, खाली "फॅट ३.५, एसएनएफ ८.५", टर्मिनलमध्ये आर दाबलं, आणि बघता बघता फोनवर मराठी! जोडाक्षरं, मात्रा, सगळं व्यवस्थित. मला तर भीती होती की ॲपमध्येपण प्रश्नचिन्हं येतील.

रात्रपाळी

नाही येणार. डार्टच्या (फ्लटरची भाषा) फाइली यूटीएफ-८ मध्ये असतात, ॲपच्या आत मराठी लिही तेवढं लिही. फक्त फोल्डरचे पाथ आणि प्रोजेक्टचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेव.

दूधवही

हो दादा, प्रोजेक्टचं नाव इंग्रजीतच दिलंय. आप्पांना फोन हातात दिला, त्यांनी अधिकचं बटण दहा-बारा वेळा दाबलं आणि पहिलंच विचारलं की गाईचं आणि म्हशीचं वेगळं टाकता येईल ना, दोन्हीचे दर वेगळे असतात. डेअरीचं दरपत्रक म्हणजे आडवं एसएनएफ, उभं फॅट असा मोठा तक्ता आहे, तो ॲपमध्ये कसा ठेवायचा त्याचा वेगळा धागा उघडते, तिकडे पण या सगळे.