मदत हवी आहे: 'डार्क'मधला बापलेकाचा गुंता

मंडळी, 'डार्क' ही काळप्रवासावरची जर्मन मालिका कुणी नीट पाहिलीय का? (तिसरा सीझन बाकी आहे, शेवट फोडू नका राव.) इथं लातूरला रात्रीची जेवणं झाली की मी आणि भाचा बघत बसतो, अन् भागापेक्षा आमचा वादच लांबतो.

33 वर्षांचं चक्र, 1953, 1986, 2019, इथवर कळलं. 2019 ला हरवलेला मिकेल हा पोरगा 1986 मध्ये निघतो, तिथंच वाढतो अन् पुढं नायक योनासचा बाप होतो, हेही पचवलं. पण योनास बापाची आत्महत्या थांबवायला आदल्या दिवशी जातो, तर बाप म्हणतो, माझ्या मनात असलं काही नव्हतंच! मग हा विचार मुळात आला कुणाच्या डोक्यातून? एलिझाबेथ शार्लटची मुलगी आणि आईसुद्धा, तिथं तर पाठकोऱ्या कागदावर काढलेली वंशावळ आम्ही फाडून टाकली.

भाचा म्हणतो, सगळं प्रारब्ध. मला वाटतं, गेलेलं माणूस कुणाला सोडवत नाही म्हणून चक्र फिरत राहतं. दुसऱ्या सीझनपर्यंतच्या कुठल्या प्रसंगांवरून हे ठरवता येईल? भाग क्रमांकासह सांगा, पुन्हा लावून बघतो.