मदत हवी आहे : व्हो-ल-व्हिकोंतच्या बागेचा १८७५ पूर्वीचा नकाशा

पॅरिसजवळच्या व्हो-ल-व्हिकोंत या महालाच्या बागेवर मराठीत लेख लिहिते आहे. अर्थमंत्री निकोला फुकेसाठी आंद्रे ल नोत्रने ही बाग आखली. १७ ऑगस्ट १६६१ ला तिथे राजा चौदाव्या लुईला मेजवानी दिली आणि तीनच आठवड्यांत फुकेला अटक झाली. एवढं सगळीकडे सापडतं.

मी अडलेय पुढे. १८७५ मध्ये आल्फ्रेद सोमिएने लिलावात ही इस्टेट घेतली आणि दुर्लक्षित बाग पुन्हा उभी केली. महालासमोरची वेलबुट्टी (झुडपं कापून जमिनीवर केलेली नक्षी) तर आशिल द्युशेनने १९२३ मध्ये नव्याने रेखली. मग ल नोत्रचं स्वतःचं असं आज काय उरलंय? महालातून अजिबात न दिसणारा, जवळ गेल्यावरच समोर येणारा तो आडवा कालवा त्याचाच, जमिनीचे उतारही त्याचेच. या उतारांची करामत मला फार मोलाची वाटते, म्हणून चुकीचं लिहायचं नाहीये.

इस्राएल सिल्व्हेस्त्रची सतराव्या शतकातली कोरीव चित्रं आजच्या फोटोंशी ताडून झाली. पण ती दृश्यं आहेत, त्यांवरून मापं घेता येत नाहीत. फ्रेंच जेमतेम वाचता येतं, तिकडे जाणं सध्या शक्य नाही.

सोमिएच्या आधीचा, मापं दिलेला नकाशा कुठल्या संग्रहात आहे आणि तो घरबसल्या बघता येईल का?